भरलेल्या बाटल्या

थांबा, हातातलं काम ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. आमच्या सिस्टरची बदली झाली! मैत्रिणीचा मेसेज आलाय आणि मी लोणावळ्याच्या स्टँडवर उभी राहूनच टाइप करतेय. चुका झाल्या तर घ्या सांभाळून.

सिस्टर म्हणजे आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. बेडसे लेण्यांच्या खालच्या अंगाला आमची शाळा. तिथं त्या महिन्यातून दोनदा स्कूटीवरून यायच्या, आठवी-नववीच्या पोरांना काय खावं, कधी खावं ते शिकवायला. आल्या की नमस्ते-बिमस्ते काही नाही. थेट समोर उभ्या राहून अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी खाली ओढायच्या.

"वर बघ. पांढरं फटक! सकाळी काय खाल्लं?"

"पोहे."

"शेंगदाणे व्हते?"

"व्हय."

"किती?"

आता सांगा, पोह्यातले शेंगदाणे कोण मोजतं? थापा मारणाऱ्यांची इथंच तंतरायची. एकदा एक पोरगा छाती काढून म्हणाला, "एकवीस." सिस्टर हसून हसून बाकावरच बसल्या. "एकवीस! गणपतीच्या दुर्वा हायत व्हय रं?"

वेफर्सच्या पुड्या बघितल्या की त्यांचं डोकं फिरायचं. "निम्मी हवा आन् निम्मं मीठ. आन् बांधावरचा टाकळा तुडवत शाळेत येता!" एका पावसाळ्यात त्यांनी फर्मान काढलं, उद्या येताना वाटेवरची रानभाजी आणायची. आम्ही कुर्डू आणला, टाकळा आणला. त्या दुर्वावाल्यानं घाणेरीचा भाराच आणला. "आरं, ह्याला शेळी तोंड लावत न्हाई, मला घालतो व्हय?" मग खिचडीच्या चुलीवर लसूण घालून टाकळा केला, पहिला घास त्यांनी खाल्ला, मग आम्ही. खोटं कशाला बोलू, लय भारी लागला!

पण एक गंमत होत होती. म्हणजे गंमत नाहीच. पोरांचे गाल भरायला लागले आणि पोरींचे डोळे पांढरेच्या पांढरे. त्यात माझे सगळ्यात जास्त. मी कबड्डीच्या टीममध्ये चढाईला होते, तालुक्याचे सामने पंधरा दिवसांवर, आणि मी प्रार्थनेला उभ्या उभ्या खाली पडले.

सिस्टरनी खेळाच्या सरांना सांगूनच टाकलं, "हिला खेळवायचं न्हाई. सकाळचं खात न्हाई ही. मैदानात पडली तर काय करायचं?"

मी लय रडले. मनातल्या मनात सिस्टरला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी त्या घरी आल्या. आईनं चहा ठेवला आणि माझं गाऱ्हाणं सुरू केलं. "रोज करून देते वो सिस्टर. पोरगी शिवत न्हाई. डबा अर्धा माघारी येतो. पाण्याची बाटली तर भरल्याली तशीच."

सिस्टर कप तोंडाशी नेता नेता थांबल्या. "तशीच?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्या वर्गात हजर. त्यांचा दिवसही नव्हता. "पुस्तकं नकोत. बाटल्या काढा, बाकावर ठेवा."

ठेवल्या. पोरांच्या सगळ्या रिकाम्या. पोरींच्या सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. एक ओळ रिकामी, एक ओळ भरलेली. आम्हालाच बघून कसंतरी झालं.

त्यांनी पोरांना मैदानावर पिटाळलं, दार लोटलं आणि आमच्यात बाकावर येऊन बसल्या. "मला सांगा आता. ओरडणार न्हाई."

पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मग मीच, कुठून धीर आला माहीत नाही, म्हणाले, "सिस्टर, पोरींच्या संडासला आतनं कडी न्हाई."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "खाल्लं-प्यालं की जावं लागतं."

मग बरोबर आणलेला भाज्यांचा तक्ता सिस्टरनी नीट गुंडाळला. "दोन वर्षं तुमाला पालेभाजी शिकवतीय. आधी तितं जाऊन बघायला पायजे व्हतं मी." आणि स्कूटी काढून गेल्या की कामशेतला!

तासाभरात परत. कडी, स्क्रू, पेचकस. तोंडात दोन स्क्रू धरून स्वतः दाराशी बसल्या. हेडमास्तर धावत आले. "अहो सिस्टर, आम्ही अर्ज केलाय वर."

"अर्ज असू द्या वर. कडी हितं लागती."

पहिल्यांदा तर कडी उलटीच बसली! परत सगळं काढून बसवली. मग आम्ही रांग लावली, एकेक पोरगी आत जाऊन नुसतीच कडी लावून बघतेय. खट्! बाहेर सगळ्या खिदळतायत. खट्! असं हसू आम्हाला जत्रेतसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन प्लेट पोहे खाल्ले आणि वर तांब्याभर पाणी प्याले. आईनं कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

आणि तालुक्याला मी खेळले! "डोळा आजून पांढराच हाय," सिस्टर म्हणाल्या, "पन आता खाशील तू. एकच हाफ खेळायचं." रेषेच्या बाहेर लाडूचा डबा घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या हाफला मला खरंच दंड धरून ओढून बाहेर काढलं. आम्ही दोन गुणांनी हरलो. मी पडले मात्र नाही.

तर आत्ताचा मेसेज. मैत्रिणीची धाकटी बहीण तिथंच नववीला आहे. ती सांगत होती, बदलीचा कागद घेऊन सिस्टर शाळेत आल्या, सगळ्यांना वाटलं आता भाषण करतील. त्या थेट शाळेच्या मागं गेल्या. पोरींच्या संडासात शिरल्या, कडी लावली. आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. पोरी बाहेर रांग लावून उभ्या होत्या.

माझी गाडी आली, निघते. पण तुम्ही एक सांगा, अगदी खरं सांगा, तुम्हीपण असं दिवस दिवस पाणी न पिता शाळा काढलीय का? आणि तुम्हाला कुणी विचारलं होतं का, का म्हणून?