गुरुवारच्या शिंका

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या नाकाला शिंगं फुटली. तोवर मला साधं पडसंसुद्धा वर्षातून एकदा व्हायचं. आता सकाळी उठल्या उठल्या आठ-दहा शिंका, डोळ्यांना खाज, आणि जिना चढताना छातीत शिट्टी वाजायची.

भोसरीच्या एका कारखान्यात मी पावडर कोटिंगच्या विभागात तपासणीला होते. लोखंडी भागांवर रंगाची कोरडी पावडर मारून ते भट्टीतून काढतात. रंग कुठे सुटलाय का, हे बघायचं माझं काम. साहजिकच सगळ्यांनी पावडरीवर बोट ठेवलं. तिथल्या चौघी मैत्रिणी तर मागेच लागल्या, इथून बदली घे, जीव महत्त्वाचा. मी सुपरवायझरच्या नाकदुऱ्या काढून स्टोअरमध्ये बदली घेतली. तिथे मी, एक कॉम्प्युटर आणि नटबोल्टांचे रॅक. पुठ्ठा अंथरून पाचजणी डबा खायचो, तो आता मी एकटीच खायला लागले. कोणाची भाजी तिखट झाली, कोणाची सासू रुसली, काही कळेनासं झालं. शिंका मात्र होत्या तशाच राहिल्या.

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. एका गुरुवारी दिवसभर घरी होते आणि शिंकून शिंकून बरगड्या दुखायला लागल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कारखाना बंद, पावडर दोन किलोमीटर लांब, आणि त्रास सगळ्यात जास्त आजच. मागचे गुरुवार आठवले, तेही असेच गेले होते. मी मांडीकडे बघितलं. मांडीवर मांजर झोपलं होतं.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन नागपूरला गेली, त्याच पावसाळ्यात ही करड्या पट्ट्यांची मांजर गॅलरीतून आत आली आणि लेकीच्या पलंगावर ताणून झोपली. मी तिला नाव ठेवलं नाही. घरात दुसरं होतंच कोण? नुसतं ‘ये गं’ म्हटलं की ती यायची. मी कामावरून आले की चप्पल काढायच्या आत पायांत घोटाळायची आणि टेकले की मांडीवर चढायची.

डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून सुईने टोचून पाहिलं. मांजराच्या थेंबाखाली चांगली गांध उठली. त्यांनी समजावलं, की ही अॅलर्जी कोणत्याही वयात होते, आणि दोष नुसत्या केसांचा नसतो, लाळेचा आणि कातडीच्या कोंड्याचाही असतो. म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. पुन्हा जुन्या विभागात घ्या म्हणून विचारलं, तर तिथे नवी मुलगी लागली होती.

मांजर कोणाला तरी देऊन टाका, असं डॉक्टर म्हणाले. ते माझ्याच्याने होईना. मग निदान झोपायच्या खोलीत घेऊ नका, मांडीवर घेऊ नका, हात लावलात तर धुवा, असं ठरलं. त्यांनी दिलेल्या गोळीने एवढी झोप यायची, की मी नोंदी चुकवायला लागले, म्हणून ती सोडली. राहिला एकच उपाय, लांब ठेवणं. ती मांडीकडे निघाली की मी जोरात टाळी वाजवायची. पलंगापाशी आली की गादीवर हात आपटायची. बंद दाराबाहेर ती ओरडायची आणि मी आतून टीव्हीचा आवाज वाढवायची. मला स्वतःचाच राग यायचा. दीडेक महिन्याने तिचं ओरडणं थांबलं, तेव्हा तर सुटले असंच मला वाटलं.

छातीतली शिट्टी पुरती जाईना, म्हणून आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी झोप न आणणारी गोळी आणि नाकात मारायचा फवारा दिला. रोज न चुकता मारायचा, लगेच गुण आला नाही तरी. मी इमानाने मारला. महिन्याभरात श्वास मोकळा झाला, आणि त्यांनी सांगितलं, की आता अधूनमधून मांडीवर घ्यायला हरकत नाही, नंतर हात धुवा म्हणजे झालं.

त्या दिवशी मी रिक्षाने घरी आले, एवढी घाई झाली होती. झोपायच्या खोलीचं दार सताड उघडलं, मांडीवर जुनी ओढणी पसरली आणि ‘ये गं’ म्हणाले. ती उंबऱ्यापर्यंत आली. तिथेच बसली. मी तिला बोलवायला गादीवर हाताने थोपटलं, तर ती दोन पावलं मागे सरली.

घरमालकीण आजी खालून पाण्याची वेळ बदलल्याचं सांगायला आल्या होत्या. मूळच्या इथल्याच. गोठ्यात आणि घरात त्यांनी जन्मभर जनावरं पाळलेली. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं बघितलं.

“अगं, मुकं जनावर त्ये,” त्या म्हणाल्या. “एकदा नगं म्हनलं की पुन्यांदा इचारायला येत न्हाई.”

मांजर उठली, गॅलरीत गेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी ओढणीची घडी घातली. आजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, डोळं लाल झालं की तुझं, पुन्हा मांजराचा तरास सुरू झाला काय?

मी हो म्हणाले.