आक्कांचा कान

"डोळे मीट," हे कुसुमाक्कांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी नाव सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मुकाट्यानं डोळे मिटले.

"आता बंदूक खांद्याला लाव. सावकाश. गाल टेकव. आता उघड डोळे. नळीच्या टोकावरचा पितळी मणी दिसतोय?"

"नाही. नळीचा मागचाच भाग दिसतोय."

"म्हंजे बंदूक तुझी न्हाई. कुणाची हाय?"

"वडिलांची."

"तरीच. ते बुटकं हुतं न्हवं?"

होते. ते जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि घरात सगळे त्यांच्याबद्दल दबक्या आवाजात बोलत होते. या बाईनं त्यांना सरळ बुटकं म्हटलं आणि मला हसू फुटलं. त्या हसण्यातच आमची ओळख झाली.

विश्रामबागच्या एका आडगल्लीत आक्कांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. परवाना आधी यजमानांचा, त्यांच्यामागे आक्कांचा. जैन बाई आणि बंदुकांचं दुकान, हे ऐकून नवखा माणूस चपापायचा. पण आक्कांचा नियम कडक होता. बंदूक टेबलावर ठेवण्याआधी त्या विचारायच्या, "कशावर मारणार?" ससा, डुक्कर, तितर असं काही उत्तर आलं की म्हणायच्या, "मग दुसरं दुकान बघा, मी ह्येला हात लावत न्हाई." दशलक्षण पर्वात तर दुकानाचं कुलूपच निघत नसे. त्यांच्याकडे यायचे ते शेतातली पाखरं नुसत्या बारानं उठवणारे शेतकरी, आणि आमच्यासारखे नारळवाले.

नारळवाले म्हणजे जुन्या ठासणीच्या बंदुकांचे शौकीन. ऊसतोड सुरू झाली की फलटणजवळच्या एका शेतात, रीतसर परवानगी काढून, हे लोक जमतात. मागे मातीचा उंच बांध, पुढे दोरीला टांगलेले नारळ. नळीत दारू आणि छर्रा गजानं ठासायचा, मागच्या टोकाला ठिणगी देणारी इवलीशी तांब्याची टोपी चढवायची, नेम धरायचा. नव्या बंदुकीला तिथे मज्जाव. वडील रहिमतपूरहून दरवर्षी जायचे आणि दरवर्षी, माझ्या आठवणीप्रमाणे, नारळ सोडून दोरी हलवून यायचे. त्यांच्या जागी त्यांच्याच बंदुकीनं आपण एकदा उभं राहावं, एवढीच माझी हौस होती.

"नारळाला जीव नसतो का आक्का?" मी एकदा त्यांना डिवचलं.

"आसतोय की. म्हणून तर फुटल्यावर समद्यांनी वाटून खायाचा."

आमच्या भागातल्या बायकांसारख्या त्याही 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. नेसणं पांढरं सुती, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. दस्ता उंच करायला नवं लाकूड लावू का, म्हणून मी विचारलं, तेव्हा त्यांनी वडिलांच्या गालानं गुळगुळीत झालेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "ही जागा करायला त्येंचं आयुष्य गेलं आन् तू रंधा मारतोस?" त्यांनी त्या जागेवर चामड्याची एक पातळ गादी बांधली. हवी तेव्हा सुटेल अशी.

पण आक्कांची खरी ख्याती कानाची होती. बंदूक जुळवून झाली की त्या पंखा बंद करायच्या, आलेल्याला चपला काढायला लावायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. नळी रिकामी आहे हे दोनदा बघायच्या. मग डोळे मिटून टोपीवर आपटणारा घोडा अंगठ्यानं हळूहळू मागे ओढायच्या. दुपारचं पिवळं ऊन दाराच्या फटीतून टेबलावर आलेलं असायचं, तेलाचा वास असायचा, गल्लीतला भाजीवाला कुठल्यातरी दुसऱ्या गावात ओरडत असल्यासारखा वाटायचा. घोडा अर्ध्यावर आला की एक आवाज. पूर्ण मागे गेला की दुसरा.

"पयला आवाज म्हणतोय थांब, दुसरा म्हणतोय चल," त्या सांगायच्या. "दुसरा नसला तर नारळ चुकंल. पयला नसला तर माणूस जाईल." अर्ध्यावरच्या खाचेत घोडा नीट अडकला की चाप ओढूनही सुटत नाही, आणि त्या भरवशावरच माणूस भरलेली बंदूक हातात धरतो. दोन्ही आवाज मनासारखे आले की आक्का डोळे न उघडताच म्हणायच्या, "दोन्ही बोलले." हे ऐकायला मला इतकं आवडायचं की मी कॉलेजातलं शिकवणं आटोपून उगाच जाऊन बसायचो. त्या खोलीत गेलं की वेळ सायीसारखा जड व्हायचा.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी माझी बंदूक न्यायला गेलो. फलटणच्या शिंदे नावाच्या नारळवाल्याची बंदूक त्यांनी आदल्या दिवशीच दिली होती. पंखा बंद झाला, चपला निघाल्या, दार ओढलं गेलं. आक्कांनी घोडा मागे घेतला. मी वाट बघत होतो. अर्ध्यावर काहीच झालं नाही. मग पूर्ण मागे, एक आवाज.

"दोन्ही बोलले," आक्का म्हणाल्या. चेहरा नेहमीसारखाच शांत.

असल्या माणसाला हे सांगायचं कसं? पण न सांगून कसं चालेल?

"आक्का, पहिला आवाज आला नाही."

त्यांनी डोळे उघडले. घोडा पुन्हा ओढला. पुन्हा. मग अर्ध्यावर ठेवून चाप दाबला, आणि घोडा खटकन खाली पडला. खाच झिजली होती. त्या आवाजाची त्यांच्या अंगठ्याला इतकी सवय झाली होती, की कान मंदावल्यावरही तो त्यांना ऐकू येत राहिला होता.

त्या एकदम उठल्या. "शिंद्यांची कालची बंदूक. ती बी मी अशीच ऐकलो." चप्पल पायात सरकवत म्हणाल्या, "गाडी काढ रं."

शिंदेंना फोन लावत राहिलो. ते उचलत नव्हते. मेळाव्यात फोन गाडीत ठेवायची शिस्त आहे. विटा, मायणी, दहिवडी अशी गावं काचेबाहेरून सरकत होती. ऊसतोडीच्या बैलगाड्या, तुऱ्यांवरचं चांदीसारखं ऊन, ओढ्यावरचा धूर. इतकी सुंदर सकाळ होती आणि आम्ही दोघंही घाबरलो होतो. आक्का मांडीवर अंगठा वाकवून पुन:पुन्हा तो घोडा ओढत होत्या. वाटेत एकदाच बोलल्या. "सुनबाई म्हणत हुती, टीव्ही लय मोठा लावताय. मला वाटलं तिलाच सोसंना."

पोचलो तेव्हा शिंदे दारू ठासून टोपी चढवत होते. आक्का धावू शकत नव्हत्या. चालत गेल्या, पण थेट, पोरांना बाजूला सारत.

"शिंदे, बोट काढा! नळी बांधाकडं ठेवा! टोपी काढा!"

एवढ्या माणसांत तो आवाज घुमला. शिंदेंनी टोपी काढली. बंदूक रिकामी केल्यावर आक्कांनी ती हातात घेतली, घोडा अर्ध्यावर आणला आणि सगळ्यांसमोर चाप दाबला. घोडा पडला. शिंदेंच्या शेजारी गज घेऊन उभी असलेली त्यांची मुलगी एक पाऊल मागे सरकली.

"चूक माझी हाय," आक्का म्हणाल्या. "मला ऐकू येईना झालंय. मला आजच कळलं."

शिंदे मुलीकडे बघत होते. मग म्हणाले, "आवं आक्का, वरीसभर वाट बघितली व्हती."

"अजून एक वरीस बघा. नारळ कुठं जातोय?"

त्या वर्षी माझीही बंदूक उडाली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना वाटलं, कुलूप असेल. नव्हतं. आक्कांनी माझ्यासाठी टेबलाजवळ स्टूल मांडलं होतं. "मी घासतो, तू ऐक. खोटं बोललास तर बघ." मला आधी काहीच कळेना. त्या खाचेवरून कानस फिरवायच्या, घोडा ओढायच्या आणि घोड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायच्या. जमलं नाही की मी मान हलवायचो. कित्येक दुपारी आम्ही असे बसलो. एकदा पहिला आवाज आला, बारीक पण स्वच्छ, आणि मग दुसरा. आक्कांनी चाप दाबून खात्री केली. मी म्हणालो, "दोन्ही बोलले, आक्का."

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं असावं. हसल्या. शिंदेंची बंदूकही तशीच झाली. मग त्यांनी परवाना परत केला, पंखा स्वतः बंद केला आणि दाराला कुलूप लावलं. पुढच्या मेळाव्यात शिंदेंच्या मुलीनं नारळ फोडला. मी दोरी हलवली. नारळाची वाटी आक्कांना घरी नेऊन दिली तेव्हा त्यांनी आधी सगळ्या शेजाऱ्यांना तुकडे वाटले, मग स्वतः एक खाल्ला.

यंदा दशलक्षण पर्वातच आक्का गेल्या. दसऱ्याला वडिलांची बंदूक पुसायला काढली. बायकोनं बाहेरून विचारलं, पंखा का बंद केलात? मी चपला काढल्या, दार ओढलं, नळी दोनदा बघितली, डोळे मिटले. घोडा मागे घेतला. पहिला आवाज आला, मग दुसरा. खोलीत कुणीच नव्हतं, तरी मी मोठ्यानं, ज्याला ऐकू येत नाही त्याला सांगावं तेवढ्या मोठ्यानं, सांगितलं.