चूलबंद चाचणी

आमच्या अॅपच्या पहिल्या आवृत्तीच्या अंदाजपत्रकात वांग्यांचा उल्लेख कुठेही नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे घरातल्या प्रत्येकाने मलाच विचारलं, "एवढा शिकलेला तू, बजेटमध्ये वांगी धरायला काय झालं होतं?" बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढून मी नोकरी सोडली आणि बायकोसकट एरंडोलजवळच्या आमच्या गावी परतलो. डोक्यात एक अॅप होतं. कोणाला ट्रॅक्टर हवाय आणि कोणाचा मोकळा उभा आहे, हे गावाला फोनवर दिसावं, बस! पैसे मात्र वैशालीचे, म्हणजे बायकोचे. स्कूटीसाठी साठवलेले चाळीस हजार माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "एवढ्यात गावाने वापरावं असं काहीतरी उभं कर. झालं तर इथेच राहू. नाही झालं, तर पुन्हा पुणं आणि पुन्हा नोकरी. वर एक रुपया मागायचा नाही."

मला पुण्याला जायचं नव्हतं. आम्ही आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वरची खोली रंगवायला काढली होती. तोंडाने मात्र ते एकदाही 'राहा' म्हणाले नाहीत.

म्हणून बजेट असं बनवलं, की बघत राहावं! रंगीत रकाने, खाली बेरीज. सर्व्हरचे इतके. धुळ्याची एक मुलगी चार स्क्रीन काढून देणार होती, तिचे इतके. प्रोग्रॅमिंगचे शून्य (ते मी करणार होतो, वैशालीने त्यापुढे पेन्सिलीने 'बघू' असं लिहिलं). आणि शेवटची ओळ : चाचणी, वीस माणसं, चहा-भजी, दोन हजार.

ही शेवटची ओळ मी आबांवर सोपवली. तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे!

"आबा, ट्रॅक्टरवाले आणि शेतकरी मिळून वीस माणसं रविवारी मळ्यात बोलवा. अॅपचा कच्चा नमुना वापरून बघायचाय."

"वीस?"

"वीसच."

"बरं," म्हणत आबांनी टोपी चढवली आणि निघाले. दोन तासांनी आवतन देऊन परतले ते खुशीत. "सांगी उनू! वीस घरं. चूलबंद!"

चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्या आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांनी आपल्याकडे जेवायला यायचं.

"आबा, मी वीस माणसं म्हटलं होतं!"

"ऐकलं मी. बहिरा नही शे." आबा खाटेवर टेकले. "भिकनना घर जाऊ नि काय सांगू? तू ये, तुनी बायको नको?"

"पण चहा-भजी..."

"चूलबंदले भजी?" आबांना माझ्या शिक्षणाचीच शंका आली. "हिवाळा शे, भाऊ. भरीत!"

"मी फोन करून सगळ्यांना नको म्हणून सांगतो."

"सांग. मंग पुण्याले जाताना माले बी लई जा. या गावमा मी तोंड दखाडाव नही."

झालं! असोद्याहून भरताची दोन पोती वांगी आली. मळ्यात तुरीच्या काड्यांचा जाळ पेटला. एकशे तीस माणसं धरली होती, तर भिकननानांकडे (यांचे दोन ट्रॅक्टर, म्हणजे माझे सगळ्यात महत्त्वाचे ग्राहक!) वरणगावचे व्याही येऊन थडकले. नानांची चूल बंद, मग व्याही जेवणार कुठे? आले! आणि व्याह्यांपुढे नुसतं भरीत कसं ठेवायचं? जिलबी आली! जिलबी तळायला आचारी आला, आचाऱ्याला ऊन लागतं म्हणून मंडप आला. मी मोबाइलवर बजेट उघडून बसलो होतो. शेवटी ते बंद करून मोबाइल खिशात टाकला.

पंगत बसताच मी उभा राहिलो. "मंडळी, हा आपल्या अॅपचा कच्चा नमुना..."

"भाऊ, पहिले पुऱ्या वाढ!"

वाढल्या. चार पंगती वाढल्या. तिकडे आबा पहिल्याच पंगतीत भिकननानांना विचारत होते, "मंगळवारे तुना ट्रॅक्टर काय करी राहिना?"

"उभा शे, आबा."

"मंग या सुकलालना मळामा लाव."

जिलबी वाढेपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या ट्रॅक्टरांची महिनाभराची सोय लागली. खिशातून फोन कोणी काढलासुद्धा नाही.

चाचणीचा खर्च झाला चोवीस हजार. वैशाली हिशोब बघत होती आणि माझी तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिचे पैसे मी भरतात घातले होते.

"उरलेल्यात काय होईल?" तिने विचारलं.

"सर्व्हर. आणि चारऐवजी एक स्क्रीन."

"एका स्क्रीनवर काय मावतं?"

"एक बटण."

तिने हिशोब बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पंगतीत आबांना बघितलंस ना? बटण दाबलं की त्यांना फोन लागू दे."

"याला काय अॅप म्हणायचं?" माझ्यातला इंजिनिअर भलताच दुखावला.

"तुझ्याकडे दुसरं काही आहे?"

नव्हतं. एक मोठं हिरवं बटण घेऊन आमची पहिली आवृत्ती बाहेर पडली, चाळीस हजारांत, वर एक रुपया नाही! आणि काय सांगू, अख्खं गाव ते दाबायला लागलं. आबा खाटेवर बसून याचा ट्रॅक्टर त्याच्याकडे धाडायला लागले. महिन्याभराने वैशालीने आमच्या रिकाम्या बॅगा माळ्यावर टाकल्या. ते बघून आबा बराच वेळ चष्मा पुसत होते. मी विचारलं तर म्हणाले, "डोयामा कचरा गया."

परवा सकाळी भिकननाना तणतणत दारात उभे. "दहा डाव बटन दाबं, भाऊ! तुनं अॅप बंद पडनं का?"

"नाही हो नाना," मी म्हटलं, "आंघोळीला गेलंय."