उजव्या नाकातली नथ

मला सूड घ्यायचा होता. ‘न्याय’ हा शब्द मी वकिलापुढे वापरला, साइटला पाठवलेल्या प्रत्येक मेलमध्ये वापरला, कारण तिथे सूड लिहून चालत नाही. पण कढईत धणे परतताना माझ्या मनात जे चालायचं त्याला न्याय म्हणणं म्हणजे लवंगी मिरचीला गूळ म्हणणं.

आमचा धंदा मसाल्याचा. माझी सासू उरणकडच्या आगरी घरातली. तिच्या हातचा मसाला आधी घरापुरता होता, मग गल्लीपुरता झाला, मग हळदीच्या जेवणांना जाऊ लागला. आमच्या भागात लग्नापेक्षा हळदीला माणूस जास्त. हळदीचं मटण फसलं तर त्या घराला वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागतात. त्यामुळे पनवेलपासून चिरनेरपर्यंत कुठेही लग्न ठरलं की नवऱ्यामुलाची आई पत्रिका छापायच्या आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. सासू मिरच्या स्वतः निवडायची, देठ स्वतः खुडायची आणि डंकावर कुटायला नेल्या की डंकवाल्याच्या डोक्यावर उभी राहायची. तो बिचारा तिला पाहिलं की आधी डंक पुसून घ्यायचा.

मी पनवेल गावातली, बी.कॉम. झालेली. मसाला पाकिटात घालून विकायची कल्पना माझी. पाकिटावर सासूचा फोटो टाकला: नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ आणि चेहऱ्यावर ‘घ्यायचा तर घ्या, नायतर जा’ असा भाव. नाव आणि फोटो, दोन्ही वकिलाकडून रीतसर नोंदवून घेतले. सासू तेव्हा खूप लाजली होती, पण पहिल्या गठ्ठ्यातलं एक पाकीट तिने माहेरी नेऊन दाखवलं.

पाकिटं दुकानांत पोचवायला एक एजंट होता. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरचे ढाबे, कळंबोलीचे किराणावाले, सगळीकडे त्याची ऊठबस. सासूला ‘आये’ म्हणायचा आणि रविवारी जेवणाच्या वेळेलाच हिशोबाला यायचा. लोकांच्या हातात टचफोन येऊ लागले तेव्हा तोच म्हणाला, “वहिनी, आता दुकानं विसरा. सगळं ऑनलाइन.” एका मोठ्या खरेदीच्या साइटवर त्यानेच आमचं पान उघडलं, स्वतःच्या ईमेलवरून. सासू म्हणाली, “आपलाच हाय तो.” आमच्याकडे हे एकदा म्हटलं की विषय मिटतो. ज्याने पाटावर बसून कालवण ओरपलं त्याच्याकडे कागद मागणं म्हणजे त्याला भरल्या ताटावरून उठवणं. वर्षभराने तो म्हणाला, ऑनलाइन खप नाही, पान बंद करून टाकलं. मग त्याचं येणंही बंद झालं. मी माझं नवं पान काढलं आणि हळूहळू ऑर्डरी यायला लागल्या. खप नाही म्हणे!

आमच्या शेजारी एक किराणावाले चाचा होते, कोकणी मुसलमान, उमेदीची वर्षं कुवेतमध्ये काढून आलेले. एका सकाळी ते पाकीट घेऊन ओट्यावर आले. “भाभी, बुरा मानू नका. पोरगा परत तिकडे चाललाय, त्याने ऑनलाइन मागवला. पण खुदा कसम, हा मसाला तुमचा नाय.”

पाकीट उघडलं. रंग लालभडक आणि वास काहीच नाही. तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला तर रंग बोटांवर उतरला आणि मागे भुसा राहिला. पाकिटावर मात्र आमचंच नाव, आमचाच पत्ता, आणि मध्ये सासू.

मी साइटवर जाऊन खालचे शेरे वाचले. ‘लाकडाचा भुसा.’ ‘मुलांची पोटं बिघडली.’ एकाने लिहिलं होतं, ‘ह्या म्हातारीला लाज कशी वाटत नाही?’ हे मी घरात कोणाला वाचून दाखवलं नाही. पण अशा गोष्टींना पाय असतात. त्या उन्हाळ्यात सासू तिच्या चुलतभावाच्या नातवाच्या हळदीला गेली. मसाल्याची विचारणा का आली नाही म्हणून ती आधीच खट्टू होती. तिथे चुलीपाशी एका बाईने सगळ्यांदेखत सांगितलं, “यंदा मसाला बाहेरून आनलाव. तुमचे मसाल्यात आता भुसा असतो ना, आत्याबाय.” सासू न जेवता घरी आली. हळदीतून न जेवता! दुसऱ्या दिवशी मी डंकावर चल म्हटलं तर म्हणाली, “तूच जा. आनि पाकिटावरशी माजा फोटो काढून टाक.”

मी फोटो काढणार नव्हते. मी त्याला काढणार होते.

माझा संशय पहिल्या दिवसापासून त्या एजंटवरच. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस दुरून ओळखू येतो, फक्त आधी ओळखू येत नाही. नवरा म्हणाला, “पुरावा काय?” नवरा भला माणूस आहे, भांडण दिसलं की त्याला बाजारात काम निघतं. मी एकटीच कामाला लागले.

साइटला तक्रार केली. यंत्राने लिहावं तसं उत्तर आलं, की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्यानंतर माझंच पान बंद झालं! कुठल्यातरी अनोळखी नावाच्या दुकानाने माझ्याविरुद्ध तक्रार केली होती की ह्या बाई आमच्या नावाने नकली माल विकतात. त्यांचं पान जुनं, माझं नवं, म्हणून ते खरे. चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण लहानपणी पाठ केली होती, तिचा अर्थ त्या दिवशी कळला. मी त्या दिवशी एक ताट भिंतीवर फेकलं. स्टीलचं होतं म्हणून वाचलं.

शेवटी तक्रारींवरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचले. कुठल्याशा दूरच्या शहरात बसलेली बाई, हिंदीत बोलायची, थंड आवाजाची. मी नोंदणीचे कागद पाठवले. ती म्हणाली, नाव तुमचं दिसतंय, पण त्यांच्या पानावर ते थोडं बदलून लिहिलंय, आणि फोटो तुमच्या नोंदणीतल्या फोटोशी जुळत नाही, यंत्र दोन वेगळ्या बायका दाखवतंय. मी फोनवर ओरडले की ती माझी सासू आहे, मी रोज बघते तिला. ती म्हणाली, “मॅडम, मी नाही बघत ना रोज.”

तिच्यावर चिडून काही उपयोग नव्हता. मी नकली पाकीट घेऊन सासूसमोर बसले. तिने चष्मा लावला, पाकीट हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. “ही मी नाय. उजवे नाकात नथ कोन घालतो? आनि पदर बग, उजवे खांद्यावर. मेल्याने मना उलटी करून ठेवलीय.”

खरंच. त्याने फोटो आरशात दिसतो तसा उलटा करून छापला होता, साइटच्या यंत्राला चकवायला. अक्षरं तेवढी सरळ ठेवली. माणूस इतकी वर्षं सासूच्या समोर बसून जेवला, पण नथ कुठल्या नाकात असते हे त्याने कधी पाहिलं नाही. मी फोनवर तो फोटो फिरवून सरळ केला आणि आमच्या फोटोवर ठेवला. पदराची चुणी चुणीवर बसली. दोन्ही फोटो पाठवले आणि खाली लिहिलं की आमच्याकडे नथ डाव्या नाकातच घालतात, कुठल्याही बाईला विचारा. त्या थंड आवाजाच्या बाईने स्वतः फोन केला. “माझी आईसुद्धा डाव्याच नाकात घालते,” ती म्हणाली. माझं पान पुन्हा सुरू झालं आणि त्याचं बंद पडलं.

पण तो रक्तबीजाच्या जातीचा. एक पान बंद केलं की दुसऱ्या नावाने दुसरं उगवायचं. मी दिसेल त्या पानाची तक्रार करत राहिले, जेवताना, मिरच्या वाळत घालताना, गिऱ्हाईक समोर असताना. तेव्हा ती अधिकारी बाई म्हणाली, असं पानांच्या मागे धावून संपणार नाही. पानं कितीही असली तरी पैसे कुठल्यातरी खात्यात जातात आणि माल कुठूनतरी उचलला जातो. तिने मला त्या सगळ्या पानांवरून थोडा थोडा माल मागवायला सांगितलं. पाकिटं उघडताना व्हिडिओ काढा, वरचा कुरिअरचा कागद फाडू नका. पैसे वळते करणाऱ्या कंपनीला तिच्या साइटनेच कळवलं, आणि सगळ्या पानांचे पैसे एकाच खात्यात जात होते ते तिथेच अडकवले. खातं कोणाचं हे मात्र तिने मला सांगितलं नाही. मी रडून पाहिलं, चिडून पाहिलं. नियम म्हणजे नियम. “पोलिसांचं पत्र आलं की त्यांना सांगू,” एवढंच.

कुरिअरवाल्याचंही तेच. सगळी पार्सलं कळंबोलीतल्या एकाच ठिकाणाहून उचलली जातात एवढं तो बोलून गेला, पत्ता म्हणाल तर पोलिसांना देईन. मी पोलीस ठाण्यात इतक्या वेळा गेले की तिथल्या हवालदाराने मला घरचा मसाला मागितला. दिला. पत्र निघालं.

पोलिसांबरोबर मीही गेले. लोखंड बाजाराच्या मागचा गाळा पाहताच मला हसू फुटलं. एजंटच्या ह्याच गाळ्यात आम्ही आमची पाकिटं ठेवायला द्यायचो! आत भुशाची पोती, रंगाचे डबे आणि भिंतीला टेकवलेली सासू, शेकडो वेळा, उजव्या नाकात नथ घालून. एजंट कोपऱ्यात उभा होता. मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही?” जणू मी त्याच्याकडे चहाला आले होते. बंद केलं म्हणून सांगितलेलं आमचं जुनं पान त्याने फक्त नाव बदलून चालू ठेवलं होतं, तेही तिथेच उघड झालं.

साइटने त्याची सगळी खाती बंद केली. त्या खात्यांवर तो लोणची, डबे, मुलांची खेळणीही विकायचा, ते सगळंच बसलं. ज्यांनी नकली मसाला घेतला होता त्यांना साइटने कळवलं आणि पैसे परत केले. पण हळदीवाल्या बायका साइटचे मेल वाचत नाहीत. त्यातल्या काही परत आल्या, काही नाही आल्या. सासू डंकावर गेली नाही ती नाहीच. त्यामुळे माझा राग निवला नव्हता. एजंट जामिनावर सुटून पनवेलच्या बाजारात हिंडत होता, आणि तो दिसला की माझ्या हाताला खाज सुटायची.

मग एका रविवारी तो आला, बायकोला घेऊन. साइटचा नियम असा होता की मूळ तक्रारदाराने स्वतःहून तक्रार मागे घेतली तर बंद खात्याचा पुन्हा विचार होऊ शकतो. म्हणजे त्याचा धंदा माझ्या एका मेलवर अडला होता. हे कळल्यापासून मी त्याची वाटच बघत होते. काय बोलायचं, कुठल्या शब्दावर आवाज चढवायचा, सगळं ठरवून ठेवलं होतं.

पण तोंड उघडलं त्याच्या बायकोने. हडकुळी, डोळे सुजलेले. “ताई, आमच्या पोटावर का पाय देता? आमचा माल तुमच्यापेक्षा जास्त खपतो म्हणून तुम्ही खोट्या तक्रारी करता, असं कुठे असतं का?” मी त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. घरी त्याने असं सांगितलं होतं तर!

मी बोलणार तेवढ्यात सासू आतून म्हणाली, “बसा. जेवून जा.” माझं डोकं फिरलं. त्या दिवशी महागाचा जिताडा मासा आणला होता, आणि तो ह्याच्या ताटात? मी आत गेले तर सासूने हात पुढे केला. “त्याचा एक पाकीट राहिलाय ना माळ्यावर? दे.” पोलिसांनी नेलेल्यांतून एक खरंच राहिलं होतं. तिने छोटा टोप चुलीवर ठेवला, तेल घातलं, पाकीट फोडलं. माझ्या लक्षात आलं आणि मी गुपचूप पाट मांडले.

त्याला तिने छोट्या टोपातलं वाढलं. बायकोला मोठ्या टोपातलं, आमचं. पहिल्या घासाला त्याचा जबडा थांबला. त्याने सासूकडे पाहिलं.

“खा,” सासू म्हणाली. “माजाच फोटो हाय त्यावर.”

त्याला मेल हवा होता. तो खात राहिला. मी दाराला टेकून त्याचा प्रत्येक घास पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला आयुष्यात क्वचित वाटलंय.

बायको जेवत होती, भुकेली असावी. मधेच तिची नजर त्याच्या ताटात गेली. तिच्या कालवणावर तेलाचा लाल तवंग, त्याच्या ताटात मातकट पाणी आणि खाली बसलेला चोथा. “तुमचं वेगळं का?” तिने विचारलं. त्याने पुढचा घास उचलला. तिने त्याच्या ताटात बोट बुडवलं आणि चाटलं. मग तेच बोट आपल्या ताटात बुडवून चाटलं. सासूने फोडलेलं पाकीट तिच्यासमोर ठेवलं. “तुजे नवऱ्याचा मसाला, बाय. घे, बग.”

ती पाकिटावरच्या चेहऱ्याकडे आणि सासूच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. तिने ताटातच हात धुतला, उठली, सासूच्या पाया पडली. नवऱ्याकडे पाहिलंही नाही. “हेच तुम्ही मुलांनाही खायला घालत होता ना? घरी पाकिटं आणून?” एवढंच बोलली आणि ओटा उतरून गेली.

तो तसाच बसून होता. हात ताटात. “वहिनी, तो मेल…”

ठरवून ठेवलेल्या भाषणातला एक शब्द मला आठवला नाही. “पान संपवा,” मी म्हटलं, “आमच्याकडे ताटात टाकत नाहीत.”

त्याने संपवलं. तक्रार मी आजही मागे घेतलेली नाही.