तिसऱ्या हाकेपर्यंत

"एवढा वेळ कोण थांबतंय बे? लोक उठून जातील की!"

"जाऊ देत. थांबंल त्यालाच भ्या वाटंल."

"तुझ्या या थांबण्यापायी धंदा बसंल, गुरू."

"मग तू कर जा दुसरीकडं धंदा!"

जिन्याखाली ज्वारी निवडत बसलेल्या शिवबाईंच्या कानावर हे भांडण पडलं, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. वरच्या खोलीत त्यांचा मुलगा गुरुशांत आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त महेश्वर भांडत होते. शिवबाईंना आधी वाटलं, पोरीबिरीचं काही असावं. ते निघालं भुताचं. भुतानं दुसरी हाक मारल्यावर किती वेळ गप्प बसावं, यावरून दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांचं तोंड न बघण्यावर आली होती. आणि गंमत अशी, की ते भूत म्हणजे खुद्द शिवबाईच होत्या.

त्याचं असं झालं. गुरुशांत भवानी पेठेतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायचा. दिवसभर मोर आणि कमळं काढून कंटाळला, की घरी येऊन भुतं काढायचा. त्यानं आणि महेश्वरनं मिळून कॉम्प्युटरवर खेळायचा एक भीतीचा गेम बनवला होता. बंद पडलेली मिल, आत एकटा रखवालदार. तो रखवालदार म्हणजे खेळणारा. दिवेलागणीला बाहेरून हाक येते, "अवो, दार उघडा की." कधी ती त्याची बायको असते, भाकरी घेऊन आलेली. कधी बायकोच्या आवाजात बोलणारं भूत असतं. ओळखायचं कसं? तर भुताला दोनच हाका मारता येतात, तिसरी हाक माणसाची. तिसरीपर्यंत दम धरला तो जेवला, आधीच कडी काढली तो मेला. गेममध्ये हे कुठंच सांगितलेलं नव्हतं. हे का सांगायचं असतं? पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक.

आवाज घेतला शिवबाईंचा. शेजारच्या यंत्रमागांची खटखट दिवसभर थांबत नसे. म्हणून वीज जायची वाट बघायची, आणि माग बंद पडले की बॅटरीचा टेपरेकॉर्डर घेऊन मायलेकरांनी चादरीखाली शिरायचं.

"अप्पांना हाक मारायचीस, तशी मार, अव्वा."

अप्पा म्हणजे शिवबाईंचे मालक, धोंडप्पा. मिलमध्ये होते. मिलच्या दाराशी उभं राहून शिवबाईंनी त्यांना कितीतरी वर्षं डबा दिला. मिल गेली, मागोमाग मालकही गेले. शिवबाईंनी डोळे मिटले आणि हाक मारली. गुरुशांतनं टेप मागं फिरवून ती पुन्हा ऐकली.

"भूतबी मीच, बायकूबी मीच," त्या पुढं शेजारणींना सांगायच्या. "पगार मातर एकीचाबी न्हाय."

सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, उंच पाळण्यांच्या शेजारी, दोघांनी कापड लावून खोपटं केलं आणि गेम मांडला. पोरांची ही झुंबड! दुसरी हाक झाली की आत सगळे श्वास धरून बसत. बाहेर पाळण्यांची करकर, भोंगे, भज्यांचा वास, आणि आत चिडीचूप. तिसरी हाक आली की एकच कल्ला. महेश्वरचं म्हणणं, ही मधली वेळ कमी कर, एक पोरगं लवकर उठलं तर दुसरं बसंल. गुरुशांत म्हणाला, ती वेळ म्हणजेच गेम. त्यावरच ते भांडण झालं. महेश्वर पुण्याला एका गेमच्या कंपनीत लागला. गुरुशांत मोर आणि कमळं काढत राहिला. लग्न जमता जमता राहून गेलं. छातीचं दुखणं मागं लागलं. पण यात्रा आली, की तो त्या पाळण्यांपाशी जाऊन उगाच उभा राहायचा.

परवाच्या दिवाळीनंतर महेश्वर दारात हजर. डोईचे केस गेलेले, गाडी आलेली.

"अव्वा, भूत कसं हाय?"

"म्हातारं झालं रं बाबा. गुडघं धरल्यात भुताचं."

हसला, पाया पडला आणि मग गुरुशांतला म्हणाला, "आपला गेम परत काढायचा. कंपनी बघतीया."

शिवबाईंना त्यानं नीट समजावलं. जुने भीतीचे गेम नव्यानं केले की खपतात. गड्ड्यात खेळलेली पोरं आता कमावती झाली, ती आपलं लहानपण परत विकत घेतात. नाव आधीच तोंडावर असतं, निम्मी जाहिरात फुकट.

"म्हंजे जुन्या गादीचा कापूस पिंजून नवी गादी," शिवबाई म्हणाल्या.

"बरोबर. पण अव्वा, जुन्या गिऱ्हाइकावर पोट भरत न्हाय. नवं पोरगंबी त्या गादीवर बसाय पायजे."

त्या दिवशी गुरुशांतनं दाढी केली. कारखान्यातून आला की लगेच वर जायचा. शिवबाईंना वरून त्यांचाच तरुणपणचा आवाज ऐकू यायचा, "अवो, दार उघडा की." त्या खाली पीठ मळत हसायच्या. पोराचं आयुष्यात एवढं एकच काम होतं, ज्याला तो स्वतःचं म्हणायचा. ते लोकांपुढं परत यावं, एवढंच मागणं त्या सिद्धरामेश्वराकडं मागत होत्या.

पुण्यात कंपनीनं आधी पोरांना खेळायला बसवलं. सगळ्यांनी पहिल्याच हाकेला दार उघडलं, सगळे मेले, आणि म्हणाले, यात काय मजा?

"पुण्याची पोरं ती!" गुरुशांत हसला. "आपल्या पेठेतली बसव की."

एका रविवारी दुपारी बसवली. पहिली बसली कॉलेजात जाणारी दानेश्वरी, समोरच्या घरातली. हाक आली आणि तिनं खटकन कडी काढली.

"अगं, पहिल्या हाकेला उघडायचं नसतंय!"

"का, काका? कोण बाई भाईर उभी हाय, नि मी आत गप बसू व्हय?"

"तुझ्या आजीनं सांगितलं न्हाय कदी?"

"आजी मोबाईल बघतीया की," दानेश्वरी म्हणाली. "आनि हाका कोण मारतंय आता? खाली आले की मिस कॉल देत्यात."

एकामागून एक पोरं बसली. एकही थांबलं नाही. पोरं गेल्यावर महेश्वर हळूच म्हणाला, "वर लिहू या का, तिसऱ्या हाकेला उघडा म्हणून?"

"सांगून भ्या वाटतंय व्हय, म्हेशा?"

मग गुरुशांतच म्हणाला, "काढ तिसरी हाक. एकच ठेव, लगेच भूत आण. फकस्त आवाज अव्वाचा ऱ्हाऊ दे."

वीस वर्षांमागं हेच ऐकण्यासाठी महेश्वर भांडला होता. आता ऐकलं, तर त्याला मान वर करवेना.

आणि एवढं करूनही कंपनी नको म्हणाली. महेश्वरचा फोन आला तेव्हा शिवबाई शेजारीच बसल्या होत्या. एक हाक मारून अंगावर येणारी भुतं बाजारात ढिगानं पडली आहेत, म्हणे. तिसरी हाक होती म्हणून तर ते आपल्याकडं आले होते. ती ठेवली तर कुणाला कळत नाही, काढली तर विकायला काही उरत नाही.

"बरं," गुरुशांत म्हणाला. "जेवलास का तू?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच तो गेला. पण त्याआधी, फोन आला त्याच संध्याकाळी, तो नेहमीसारखा पिठाच्या गिरणीत दळण आणायला गेला होता.

त्या घरची रीतच होती. दिवे लागले की कडी, आणि घरच्या माणसानंसुद्धा तीन हाका मारायच्या.

"अव्वा, दार उघड की."

शिवबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. कडीवर हात ठेवला. मनात आलं, उघडावं आज पहिल्याच हाकेला, पोराच्या खांद्यावर डबा आहे. मग वाटलं, आता आपणही थांबलो नाही, तर त्याच्यासाठी थांबणारं जगात राहिलं कोण?

"अव्वा, दार उघड की."

त्या थांबल्या. बाहेर माग खटखटत होते. वेळ लांबत चालला, तसं त्यांना वाटू लागलं, की आज हा तिसरी मारायचाच नाही.

"अव्वा, दार उघड की."

त्यांनी कडी काढली.

"एवढा वेळ?" गुरुशांत म्हणाला.

"भूत असलं म्हंजे रं?"

तो हसला. पिठाचा डबा त्यानं चुलीशेजारी त्याच्या जागेवर ठेवला. पीठ अजून गरम होतं, म्हणून झाकण अर्धंच लावलं, आणि खांद्यावरचं पीठ झटकत हातपाय धुवायला गेला.