गजालाची गाळनी

मी अब्दुल रहीम. अकोटले माह्यं मोटर वायंडिंगचं दुकान हाय. शिकलो सातवी. पन माह्यी लहान बहीन गजाला अकोल्याच्या लॅबमधी पान्यावर काम करते, अन् तिच्यासारखी पोट्टी आख्ख्या वऱ्हाडात दाखवा, मी दुकान बंद करतो.

आमच्या गावच्या बोअरच्या पान्यात फ्लोराईड. दिसत नाई, वास येत नाई, पन दात पिवळे करते अन् हाडं आखडवते. आमच्या अम्मीचे गुडघे पन्नाशीतच वाकेनासे झाले, नमाज खुर्चीवर बसून पढते. गजालानं तवाच ठरवलं, या पान्याचा बंदोबस्त करीन.

गाळनीतल्या पातळ पापुद्र्याइवर तिनं एक लेप बसवला. लेप फ्लोराईड धरते, पानी सोडते. दोन हजार पंधराच्या दुष्काळात तिनं ती गाळनी गावच्या टाकीले लावली. पानी भरनाऱ्या बायाइसमोर तपासनी कराची, पटली तर ठेवाची, नाई तर काढाची, असं ठरलं.

तपासनीच्या सकाळी मी आधीच गेलो. पापुद्रे मळकट दिसले. एवढे लोक येतीन अन् माह्या बहिनीचं काम असं दिसावं? चुलीतली राख घेतली, ओलं फडकं घेतलं, अन् पानी भराचा पितळी गुंड घासतो तसे लख्ख केले.

गजालानं कपातल्या पान्यात औषध टाकलं. गुलाबी राह्यलं तर पानी चांगलं. ते पिवळं झालं.

मी तिच्यापाशी धावलो. तिच्या कानात सांगितलं, राखेनं मीच घासलं, सांग सगळ्याइले का गाळनी चांगली हाय. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् मोठ्यानं बोलली, "हे पानी पिऊ नका. गाळनी नापास हाय. आज भाईनं राखेनं घासली, उद्या तुमी घासान. राखेनं उतरते तो लेप काय कामाचा?"

बायाइमधून आमची शेजारीन इंदूबाई म्हने, "रहीमभाऊ, एवढी हौस होती तं माह्ये भांडे घासाचे होते." बाया हासल्या. मीबी हासलो, काय करता.

गजाला गाळनी काढून एसटीनं अकोल्याले गेली. सात महिने. दोन खेपा लेप बसवला, दोन्ही खेपा सोताच राखेनं घासून उतरवला. ईदलेबी दुपारपर्यंत लॅबमधीच.

तिसऱ्या खेपेले गाळनी घेऊन गावात आली अन् राख इंदूबाईच्याच हाती देल्ली. इंदूबाईनं हात दुखेपर्यंत घासलं. मंग गाळनी टाकीले लावली अन् कपात औषध. गुलाबी. इंदूबाईनं पुन्हा तपासाले लावलं, गुलाबी. तिसऱ्यांदाबी तेच. मंग तिनं आपला गुंड नळाखाली ठेवला.

बाकीच्या बायाइची रांग मी लावली. हो, मीच.