झटका आधी आईंना यायचा

भूतखेत, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही... आणि माझ्या सासूबाई तर मुळीच नाहीत. अंगारा घेऊन आलेल्याला चहा पाजून अंगाऱ्यासकट परत पाठवणारी बाई! म्हणूनच हे लिहू की नको, असं झालं होतं.

आम्ही अमरावतीला, बडनेरा रोडवर राहतो. डिप्रेशनच्या गोळ्या दोन वर्षं चालू होत्या. बरं वाटायला लागलं आणि मी जास्तीचा शहाणपणा केला – डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम बंद. आठवडाभरात डोक्यात झटके सुरू झाले. मान वळवली की आत वीज चमकल्यासारखं व्हायचं आणि तोल जायचा. आजार परत आला, आता शाळेतली नोकरीही जाणार, या भीतीने मी घरात कुणाला सांगितलं नाही.

सासूबाई तेव्हा अकोटहून आल्या होत्या. मी गॅसवरून वरणाचा गंज उतरवत होते, त्या माझ्याकडे पाठ करून तूर निवडत होत्या. एकदम म्हणाल्या, "ठेव थे खाली. बस." मी बसले – आणि झटका आला. योगायोग म्हटलं. पण मग हे रोजच व्हायला लागलं... आधी त्यांचं "बस", मग माझा झटका. शेवटी विचारलंच, आई, तुम्हाला कसं कळतं?

"आधी मले येते. मंग तुले."

पाहुणे येणार असल्यासारखं सांगितलं! स्वतःला झटका बसत असताना ही बाई आधी मला सावरत होती, तेही स्वतःच्या झटक्याचं काही न सांगता. मला रडूच आलं. मग गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. जाऊबाईंनी बाहेरचं बघायचा विषय काढला, तर आई म्हणाल्या, "भूत नाई हे, गोयी हाय," आणि मला ऑटोत घालून डॉक्टरांकडे नेलं. गोळी एकदम तोडली की असं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. ती परत सुरू केली आणि कितीतरी महिने लावून हळूहळू कमी केली. आईंना आधी कसं कळायचं, यावर मात्र ते नुसते हसले.

आता गोळी पूर्ण सुटली आहे. परवा गच्चीवर आम्ही मिरच्या वाळत घालत होतो. आईंनी एकदम भिंत धरली. मी सवयीने मटकन खाली बसले, वाट पाहिली... काहीच नाही.

"आई, झटका आला होता ना?"

"मले आला. तुले?"

"नाही आला."

"मंग झालं," म्हणाल्या, आणि मिरच्या पसरायला लागल्या.